लवत्या पाइनची वही : ओटावा आणि प्रियोळ

११ ऑगस्ट २०२२

पुतणीचा फोन. तिथे कॅनडात, ओटावाला, सकाळचे आठ, इथे गोव्यात, प्रियोळला, संध्याकाळचे साडेपाच. २१ मेच्या वादळात तिच्या परसातला जुना मेपल उन्मळून पडला होता. त्या वाऱ्याला 'डेरेचो' म्हणतात म्हणे. आपल्या वळवाच्या वाऱ्यासारखाच अचानक येतो, पण सरळ रेषेत शेकडो किलोमीटर धावतो. मेपल तोडून नेला, बुंधा यंत्राने किसून काढला, आणि आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त शेजाऱ्यांचं कुंपण दिसतं. तिथे काहीतरी लावायचंय. फार मोठं नको, पण बाराही महिने हिरवं हवं.

नर्सरीतल्या एका झाडाचा फोटो पाठवलाय. "काका, हे न्हाऊन केस सोडून बसल्यासारखं काय आहे?" किंमत विचारली तर विषय बदलला, म्हणजे बरीच असणार.

मी थंडीतलं झाड आयुष्यात वाढवलेलं नाही. बर्फ पाहिलाय तो मासळीच्या ट्रकमधला. पण ही मुलगी आमच्या माड-पोफळीच्या कुळागरात माझ्या मागे मागे फिरत मोठी झाली, आणि झाडाचं काहीही असलं तरी मलाच विचारते. आता वाचून सांगायचं, तर लिहून ठेवलेलं बरं.

चिठ्ठीवर नाव 'पायनस स्ट्रोबस पेंड्युला'. म्हणजे ईस्टर्न व्हाइट पाइनचाच लोंबत्या फांद्यांचा प्रकार. मूळचा पाइन त्यांच्या ओंटारियो प्रांताचा अधिकृत वृक्ष आहे, १९८४ पासून. सुया पाच-पाचच्या जुडग्यात येतात. पूर्व उत्तर अमेरिकेतल्या पाइनांत हीच त्याची खूण. तिथल्या होडेनोशोनी या मूळनिवासी लोकांत हा शांततेचा वृक्ष, आणि पाच सुया म्हणजे एकत्र आलेली पाच राष्ट्रं. सरळ वाढला तर शंभर फुटांच्या वर जातो. इंग्रजांच्या आरमाराला डोलकाठ्यांसाठी हाच हवा असायचा. त्यासाठी जंगलात निवडक झाडांवर राजाची बाणाची खूण केली जायची आणि ती झाडं रयतेने तोडायची नाहीत असा हुकूम. त्यावरून १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये दंगाही झाला.

त्याच डोलकाठीच्या कुळातलं हे पोर, आणि याला वर जायचंच माहीत नाही. काठीला बांधलं नाही तर वेलीसारखं जमिनीवर पसरतं. इंग्रजीत याला रडणारं झाड म्हणतात. मला यात रडण्यासारखं काही दिसत नाही. मी लवता पाइन म्हणणार.

२८ ऑगस्ट २०२२

इथे गणेश चवथीची गडबड, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान गोळा करायला माणसं रानात गेलीत, आणि मी फोनवर ओटावाचा खड्डा खणतोय.

आज माझी चूक झाली, ती आधी लिहितो. मी तिला सांगितलं, खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. माडाचा खड्डा असाच खणतो आम्ही. जांभ्यात तर सहा महिने आधी खड्ड्यात मीठ टाकून ठेवतात, चिरा मऊ पडतो. नशीब, मिठाचं तिला बोललो नाही. व्हाइट पाइनला मीठ म्हणजे विष.

तिने दीड फूट खणल्यावर मातीचा फोटो पाठवला. राखाडी, गुळगुळीत, बोटांनी दाबली तर शाडूसारखी. त्या भागात बर्फयुगाच्या अखेरीस समुद्र आत शिरला होता, दहा-बारा हजार वर्षांपूर्वी, आणि ही त्याच समुद्राच्या तळाची चिकणमाती. 'लेडा क्ले' म्हणतात. मी खाडीकाठच्या खाजनातल्या चिखलात गुडघाभर उभा राहिलेला माणूस आहे, ही जात मला कळते. अशा मातीत खोल खड्डा खणला म्हणजे आपण मातीचं मडकं केलं. त्यात पाणी साठणार आणि मुळं कुजणार. वर आणखी शेणखत घालून मऊ बिछाना केला तर मुळं मडक्याबाहेर जायचीच नाहीत.

म्हणून उलट करायचं. खड्डा मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल, किंबहुना दोन बोटं कमीच, पण रुंद दुप्पट-तिप्पट. बुंध्याला जिथे पाय फुटतात तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. भरताना तीच माती घालायची. खणलेला जास्तीचा भाग तिने कुरकुर करत परत भरला, पायांनी चेपून.

४ सप्टेंबर २०२२

लावलं. व्हिडिओवर दीड तास मीही उभा होतो, म्हणजे खुर्चीत.

दोन गोष्टी नर्सरीवाल्यांनी करायला हव्या होत्या, त्या केल्या नव्हत्या. बुंध्याभोवती नायलॉनची दोरी तशीच होती, गोणपाटाखाली लपलेली. ती तशीच पुरली असती तर तीन-चार वर्षांनी झाडाचा गळा आवळला असता आणि कोणाला कारण कळलं नसतं. दुसरं म्हणजे कलमाच्या सांध्याखाली मूळ झाडाची एक फांदी राहिली होती. हे कलम साध्या व्हाइट पाइनच्या रोपावर बांधतात. ती खालची फांदी साध्या झाडाची, ती सरळ वर जाणार आणि लवत्याला खाऊन टाकणार. मानकुरादच्या कलमाखालून रायवळ फुटवा आला की आपण काय करतो? तेच करायला सांगितलं. कात्री लावताना तिचा हात थरथरत होता. "काका, हीच एकटी सरळ आहे हो!"

मग उंची. यावर आमचं वाजलं. झाड वर जाणार ते आपण बांधू तेवढंच. टोक दरवर्षी थोडं वाढतं आणि कोवळं असतानाच काठीला बांधून वर घेतलं तर उंची मिळते. नाही बांधलं तर ते खाली वळतं, तिथेच लाकूड घट्ट होतं, आणि पुढचं सगळं खालच्या दिशेने. तिला चार फूट हवं होतं, एका दगडावरून सांडल्यासारखं. माझं म्हणणं, तिथे तीन फूट बर्फ साठतो, मग चार महिने खिडकीतून काय बघणार? सहा फुटांवर तडजोड झाली. काठी आठ फुटांची, गड्ड्याच्या बाहेर ठोकलेली.

पाण्याचं आळं, वर पाइनच्या सालीचं आच्छादन तीन बोटं जाड, बुंध्यापासून वीतभर लांब. खत काही नाही.

१६ सप्टेंबर २०२२

शुक्रवार. म्हापशाच्या बाजारात तवशी घ्यायला गेलो आणि सुरूचं रोप घेऊन आलो. अडीच फुटी, काळ्या पिशवीतलं. हिने विचारलं, घरात जागा आहे का. कुळागरात नाही, कुंडीत, असं सांगितलं.

कारण असं की नुसतं फोनवर शहाणपण सांगण्याचा कंटाळा आला. पाइन इथे व्हायचा नाही. त्याच्या कळीला फुटण्याआधी थंडीची झोप लागते, आणि आमच्याकडे हिवाळा म्हणजे पहाटे स्वेटर, दहाला घाम. सुरू मात्र मिरामारपासून काणकोणपर्यंत किनाऱ्यावर उभाच आहे. हाही मूळचा इथला नव्हे. पश्चिम किनाऱ्यावर त्याची लागवड शेजारी कारवारला १८६८ मध्ये सुरू झाली.

लोक याला पाइनच समजतात. पण सुरू हा पाइनच्या गोतातला नाहीच. फुलणारं झाड आहे. सुया म्हणतो त्या बारीक हिरव्या डहाळ्या, आणि खरी पानं म्हणजे प्रत्येक सांध्यावरची खवल्यांसारखी सहा-आठ टोकं, भिंगातून दिसतील एवढीच. लहानपणी मिरामारला आम्ही ती सुई एका सांध्यावर तोडून परत जोडायचो आणि दुसऱ्याने ओळखायचं कुठे तोडली. पैज एका लाडवाची. पाइनच्या सुईवर हा खेळ जमायचा नाही, तिला सांधेच नाहीत.

बेत असा: तिकडे पडणाऱ्याला वर बांधायचं, इकडे चढणाऱ्याला खाली. बघू कोण जास्त दमतं.

२ ऑक्टोबर २०२२

"काका, झाड मेलं!"

फोटोत आतल्या सगळ्या सुया पिवळ्या, खाली सडा. रडवेली झाली होती पोरगी. मीही क्षणभर घाबरलो. मग विचारलं, पिवळं टोकाकडून आहे की बुंध्याकडून? बुंध्याकडून. टोकाची यंदाची वाढ हिरवी आहे? हिरवी आहे.

मग काही नाही. सदाहरित म्हणजे पानं कधीच गळत नाहीत असं नव्हे. व्हाइट पाइन सुया दोन हंगाम ठेवतो आणि शरद ऋतूत जुन्या सोडतो. फणसही बारमाही हिरवा, पण त्याच्याखाली रोज झाडावं लागतं हे तिला आठवलं. लवत्या प्रकारात फांद्या एकावर एक पडलेल्या असतात, त्यामुळे आतलं पिवळं जास्त डोळ्यावर येतं. टोकं पिवळी पडली असती तर मात्र मूळ, पाणी किंवा माती यांतला दोष शोधावा लागला असता. चिकट, कमी आम्ल मातीत तसं होतं.

पडलेल्या सुया तिथेच राहू देत. फुकटचं आच्छादन.

६ नोव्हेंबर २०२२

आजपासून साडेदहा तासांचं अंतर. त्यांनी घड्याळं मागे घेतली.

हिवाळ्याची तयारी. मला वाटायचं थंडीने झाड गोठतं म्हणून मरतं. या झाडाला उणे तीसचं काही वाटत नाही. ते मरतं तहानेने. जमीन गोठली की मुळांना पाणी उचलता येत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चचं कोरडं ऊन आणि वारा सुयांतलं पाणी ओढत राहतो. म्हणून जमीन गोठायच्या आधी भरपूर पाणी, आणि वायव्येकडून गोणपाटाचा आडोसा. आडोसा चार खुंट्यांवर, झाडाला न टेकता. झाडालाच पोत्यात गुंडाळायचं नाही.

बुंध्याला बारीक जाळी, कारण बर्फाखालून उंदीर आणि वरून ससे साल खातात. साळिंदर नाही, डुक्कर नाही, ससा! मला हसू आलं, पण सालीचं एक पूर्ण कडं खाल्लं की झाड गेलंच.

२६ फेब्रुवारी २०२३

महिन्याच्या सुरुवातीला दोन दिवस उणे तीसच्या आसपास गेलं, पण एकूण हिवाळा उबदारच. त्यांच्या रिडो कालव्यावर गोठल्यावर लोक स्केटिंग करतात, तो यंदा एकदाही उघडला नाही. इतिहासात पहिल्यांदा असं झालं. पाइन ठीक.

इथे सुरूला तार घातली. तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची, बुडापासून टोकापर्यंत, साधारण पंचेचाळीस अंशांत वेढे. तांब्याची कडक असते, हौशी हाताला नको. दोन्ही अंगठे टेकवून खोड हळूहळू वाकवलं आणि कुंडीच्या कडेवरून खाली उतरवलं. कोवळं सुरूचं लाकूड बरंच ऐकतं. एकदा कर्र आवाज आला तेव्हा थांबलो. कुंडीत जांभ्याचा चाळलेला खडा, नदीची वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत. सुरूच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतला नत्र बांधतात. त्यामुळे तो वाळूतही जगतो आणि खताची फार गरज नाही. पाण्याची मात्र आहे. कुंडी एकदा पूर्ण सुकली की सुरू परत येत नाही, वर आठवडाभर हिरवा दिसत राहतो आणि आपल्याला फसवतो.

६ एप्रिल २०२३

काल तिथे गोठता पाऊस पडला. पाणी पाण्यासारखंच येतं, पण टेकलं की काच. वीज गेली, ओंटारियो आणि क्वेबेक मिळून दहा लाखांवर घरं अंधारात. तिथले लोक अजून १९९८च्या जानेवारीतल्या बर्फवादळाची गोष्ट सांगतात, तसं काहीसं. तिने फोन जपून वापरत दोन फोटो पाठवले.

सगळ्या फांद्या काचेत, जमिनीला टेकलेल्या. "झटकू का?" नको! गोठलेली फांदी झटकली की तुटते. ऊन पडू दे, आपोआप उतरेल. भुसभुशीत बर्फ असता तर हाताने खालून वर हलकेच उचलून सोडायचा होता.

संध्याकाळी (तिच्या) ऊन पडलं. जमिनीला टेकलेल्या सगळ्या फांद्या तासाभरात उठल्या, एकही गेली नाही. तुटलं ते वरचं टोक. काठीला सर्वांत वर जिथे बांधलं होतं, बरोबर त्या गाठीवर. प्लास्टिकची कडक पट्टी, मीच सांगितली होती घट्ट आवळायला, वाऱ्याने हलू नये म्हणून. टोकावर बर्फाचा भार आला, त्याला लवायचं होतं आणि गाठीने लवू दिलं नाही.

सहा फुटांचं झाड पाच फुटांवर आलं.

७ एप्रिल २०२३

झोप लागली नाही नीट. आयुष्यभर मिरवेल सुपारीला बांधत आलो. गाठीतून करंगळी फिरली पाहिजे हे मी दुसऱ्यांना शिकवतो. मग तिला घट्ट का सांगितलं? परदेशातलं झाड म्हणून वेगळा नियम असेल असं वाटलं. दुसरं काही कारण नाही.

२५ मे २०२३

तिथे पाइनला मेणबत्त्या लागल्या. नवीन फुटव्याला तिथे मेणबत्तीच म्हणतात, आणि फोटो पाहिल्यावर दुसरं नाव सुचत नाही. सुया अजून चिकटलेल्या, कोंब सरळ उभा, फिकट, वर तपकिरी टोपी. लवत्या झाडाचेही कोंब आठवडाभर उभे असतात, आणि मग सुया सुटल्या, वजन आलं की वाकतात.

आता नवं टोक निवडायचं. तुटलेल्या जागेच्या खाली तीन फांद्या. पाइनचा एक कठोर नियम तिला समजावला: जिथे सुया नाहीत अशा जुन्या लाकडातून तो परत फुटत नाही. आंब्याला खरड छाटला तरी खोडातून फुटतो, इथे ते नाही. म्हणून तुटका खुंट सुया असलेल्या जागेच्या लगेच वर स्वच्छ कापायचा, आणि तिथल्या सर्वांत जाड, काठीकडच्या फांदीला वर घ्यायचं. सर्वांत सुंदर फांदी दुसरीच होती. ती मागत होती. तिला नाही म्हटलं. सुंदर फांदी खाली लोंबलेलीच राहू दे, तिचं काम ते आहे.

निवडलेल्या फांदीच्या बाकी दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मेणबत्त्या अर्ध्या मोडल्या. चिमटीत धरून, कात्री न लावता. कात्रीने सुयांची टोकं कापली जातात आणि तपकिरी पडतात. मोडायची वेळ आठ-दहा दिवसांचीच असते. सुया सुटल्या की संपली.

बांधणी: माझ्या वहिनीने, म्हणजे तिच्या आईने, पूर्वी पाठवलेल्या जुन्या सुती लुगड्याची एक पट्टी तिच्याकडे होती. तिचे बोटभर रुंद तुकडे. आठाच्या आकड्यात, एक वेढा काठीभोवती, एक फांदीभोवती, मध्ये फुली. इंग्रजी आठ बरं का. मराठी आठाच्या आकड्याने बांधायला गेलं तर गाठच बसायची नाही. करंगळी फिरली? फिरली.

फांदी एका दिवसात वर घेतली नाही. पहिल्या दिवशी अर्ध्यावर, चार दिवसांनी आणखी, मग पूर्ण.

८ जून २०२३

ओटावात वणव्याचा धूर. उत्तरेला क्वेबेकमध्ये जंगल पेटलंय, आकाश नारिंगी, शाळा मुलांना बाहेर सोडत नाहीत. झाडावर राख नाही पण ती बाहेर जाऊन पाणी घालायला तयार नाही. नको जाऊस म्हटलं.

इथे पाऊस उशिरा. केरळातच आज पोचला. विहीर तळाला.

३० जुलै २०२३

सुरूचं लिहायचं टाळत होतो.

पाऊस सुरू झाल्यापासून हा सुरू सुटलाय. तार फेब्रुवारीत घातली, जूनमध्ये बघितली तेव्हा ठीक होती. मग माडांची कामं, सुपारीला बोर्डो मिश्रणाची फवारणी, मी दीड महिना नीट पाहिलंच नाही. आज पाहिलं तर तार खोडात रुतलेली, दोन ठिकाणी साल तिच्यावरून मिटायला लागलेली. उलटी सोडवायला गेलो तर साल सोलून येते. पक्कडीने वेढा-वेढा तोडून काढली. खोडावर आता गोल जिन्यासारखे वण.

पाइनची गाठ वर्षात एकदा बघितली तरी चालते. तो वर्षातले सहा महिने झोपतो, बांधणाऱ्यालाही झोपू देतो. सुरू झोपत नाही, म्हणून त्याच्यापाशी मालकानेही झोपायचं नाही.

आणखी एक. वाकवलेल्या कमानीच्या पाठीवरून पाच कोंब सरळ आकाशाकडे. झाडाचं टोक खाली नेलं की त्याची सत्ता जाते आणि सर्वांत उंच जागी बसलेला डोळा स्वतःला राजा समजतो. चार खुडले. एक विसरून राहिला की मुद्दाम ठेवला, ते लिहीत नाही.

१९ सप्टेंबर २०२३

चवथ. माटोळीला सगळं बांधलं, कांगलांची रानफळं सोडून. सकाळी पुतणीने व्हिडिओवर गणपती पाहिला आणि मागे खिडकीत पाइन दाखवला. नवं टोक काठीच्या साडेपाच फुटांवर. वाकण्याची खूण उरलीय, गुडघ्यासारखी. ती म्हणते, आता हेच त्याचं वैशिष्ट्य.

१४ जानेवारी २०२४

उद्या संक्रांत. ओटावात नगरपालिकेची गाडी रस्त्यावर मीठ टाकते, त्याची फवार मागच्या परसापर्यंत येत नाही. पण तिने पुढच्या पायवाटेवर टाकायला मिठाची बादली आणली होती आणि उरलेलं मागच्या पायऱ्यांवर टाकलं. तिथून पाणी उतरतं ते थेट पाइनकडे. थांबवलं. पायऱ्यांवर वाळू टाक म्हटलं. आमचा सुरू खाऱ्या वाऱ्यात उभा राहून जाड होतो, तिचा पाइन चिमूटभर मिठाने टोकं भाजून घेतो. एकसारखी दिसणारी माणसं जेवायला बसल्यावर कळतात.

जाता जाता: आमच्या वाटेवर एका घरासमोर उंच 'ख्रिसमस ट्री' आहे, कुक पाइन. नाव पाइन, पण हाही पाइन नव्हे, अरौकारिया. रोज बघून वाटायचं घरमालकाने वाकडा लावला. ही झाडं जगभर विषुववृत्ताकडे झुकतात असं संशोधकांनी मोजलंय, २०१७ मध्ये छापून आलं: सरासरी साडेआठ अंश. आमचा दक्षिणेकडे झुकलाय. मालकाची मनातल्या मनात क्षमा मागितली.

१६ जून २०२४

पुन्हा फोन, पुन्हा भीती. या वेळी भीती खरी असू शकली असती म्हणून सविस्तर लिहितो.

व्हाइट पाइनच्या टोकाला एक भुंगा लागतो. आकाराने तांदळाच्या सोंड्याहून थोडा मोठा, तसाच सोंडवाला. वसंतात मादी मागल्या वर्षीच्या टोकात अंडी घालते, अळ्या सालीखालून खाली खात येतात, आणि जून-जुलैत नवं टोक धनगराच्या काठीसारखं वाकून सुकतं. सगळीकडे लिहिलेलं असतं, वाकलेलं टोक दिसलं की सावध व्हा. आता ज्या झाडाची सगळीच टोकं वाकलेली, त्याच्या मालकिणीने काय करायचं?

तिला तीन गोष्टी बघायला सांगितल्या. वाकलेलं टोक हिरवं आहे की फिकट-लालसर? मागल्या वर्षीच्या लाकडावर डिंकाचे पांढरे थेंब आहेत का? नखाने साल किंचित खरवडली तर आत ओलं हिरवं लागतं की भुसा? हिरवं, नाहीत, ओलं. मग ते आजारी नाही, आपल्या स्वभावाने लवलंय. भुंगा असता तर निरोगी लाकडापर्यंत कापून ते टोक जाळायचं होतं, आणि पुन्हा नवं टोक निवडणं आलं असतं.

बोलता बोलता कळलं की शेजाऱ्यांनी कुंपणालगत ब्लॅककरंटची तीन झुडपं लावलीत. हे मात्र मला आवडलं नाही. पाइनला एक तांबेरा येतो, त्याची बुरशी एका पाइनवरून दुसऱ्या पाइनवर जात नाही. मध्ये तिला करंट किंवा गूजबेरीचं झुडूप लागतं, आणि ब्लॅककरंट तिचं सर्वांत लाडकं. करंटच्या पानाखाली ऑगस्टमध्ये नारिंगी पूड दिसते, ओल्या थंड दिवसांत तिथून पाइनच्या सुयांत शिरते, आणि काही वर्षांनी फांदीवर फोड येतो. हा रोग तिथे युरोपातून आयात रोपांबरोबर आला, गेल्या शतकाच्या सुरुवातीला.

शेजाऱ्यांना कसं सांगायचं? ती म्हणाली, जाम देऊन जातात ते दरवर्षी. मग भांडण नको. रोगाला दाद न देणाऱ्या करंटच्या जाती मिळतात, तेवढं सांग. आणि दर ऑगस्टला त्यांच्या पानांखाली डोकाव. जाम आणायला जाशीलच.

७ सप्टेंबर २०२४

चवथ आणि लागवडीला दोन वर्षं, तीन दिवसांच्या फरकाने. आज आमची चाचणी ठरली होती.

तिने सर्वांत खालची गाठ सोडली. काही नाही. मधली सोडली. खोड दोन बोटं झुकलं आणि थांबलं. वरची सोडायच्या आधी दोघंही गप्प. सोडली. वरचा दोन फुटांचा भाग हळूच पुढे आला, तिच्या हाताच्या अंतरापर्यंत, आणि तिथेच तरंगत राहिला. मी पलीकडून "धर, धर!" ओरडलो. तिने धरलं नाही. पाच मिनिटं तसंच बघत राहिली.

बुंधा उभा राहतोय, वरचं नाही. वरची आणि मधली गाठ परत, सैल. खालची कायमची काढली. काठी आणखी एक वर्ष.

संध्याकाळी मी सुरूची दुसरी तार काढली. या खेपेला दर पंधरा दिवसांनी तपासत होतो, वण नाही. खोड जिथे ठेवलं तिथे राहिलं. मी खूष.

९ सप्टेंबर २०२४

सुरूचं टोक चार बोटं वर आलंय.

तार परत घालणार नाही. चिऱ्याचा एक तुकडा घेतला, मुठीएवढा, आणि सुंभाने टोकाच्या वीतभर अलीकडे टांगला. खोडाला सुंभ घासू नये म्हणून खाली कापडाची पट्टी. वाऱ्याने हलतो, हलू दे. वाढला की दोरी सरकवायची.

पाडेली नारळ काढायला आला होता. कुंडीकडे बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "भाटकार, हें दिश्टीक बांदलां?" म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून बांधलंय का.

हो म्हटलं.